शुभवर्तमान कोणाचे?

नाताळचा सण म्हटला की गोठा, गव्हाण, आकाशातील तारा, रात्रीच्या थंडीत कळप राखणारे मेंढपाळ आणि पूर्वेकडून भेटी घेऊन आलेले ज्ञानी पुरुष ही चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. मत्तय आणि लूक या दोन चरित्रकारांनी ती जगाला दिली. परंतु येशू ख्रिस्ताच्या चार चरित्रग्रंथांपैकी बहुसंख्य अभ्यासक ज्याला सर्वांत प्राचीन मानतात, त्या मार्ककृत शुभवर्तमानात यांपैकी एकही चित्र नाही. तेथे गव्हाण नाही, तारा नाही, जन्माची तिथी नाही. येशू प्रथम दिसतो तो प्रौढ वयाचा, यार्देन नदीवर स्नानसंस्कारासाठी आलेला. पुढे त्याच्या गावचे लोक त्याचा उल्लेख ‘सुतार’ असा करतात. तेवढाच त्याचा पूर्ववृत्तांत.

मग जन्मकथेच्या स्थानी मार्काने काय ठेवले? एक लहानसे वाक्य. हा ग्रंथ म्हणजे देवपुत्र येशू ख्रिस्त याच्या शुभवर्तमानाचा आरंभ होय, अशा आशयाचे. वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जातो. कारण आज हे सारे शब्द प्रार्थनामंदिराच्या भिंतींत स्थिरावले आहेत. पण मार्काने लेखणी उचलली तेव्हा ते तेथे नव्हते. ते बाजारपेठेतील शिलालेखांवर होते, सैन्याच्या छावणीत होते, हातातील नाण्यांवर होते. ते रोमच्या सम्राटाचे शब्द होते. ही गोष्ट ध्यानी घेऊन हा प्राचीन ग्रंथ वाचला, तर तो कसा उलगडतो, ते आज पाहावयाचे आहे.

सम्राटाचा वाढदिवस

आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यालगत, आजच्या तुर्कस्तानात, प्रिएने नावाचे एक ग्रीक नगर होते. तेथील उत्खननात एक शिलालेख हाती लागला आणि १८९९ साली तो प्रसिद्ध झाला. लेख इ.स.पू. ९ मधला. त्या प्रांताचा रोमन शासक पाउलस फाबियस माक्सिमस याने सुचविले की, सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस, म्हणजे २३ सप्टेंबर, हाच यापुढे वर्षारंभ मानावा. प्रांतातील नगरांच्या सभेने ती सूचना आनंदाने स्वीकारली आणि ठराव दगडावर कोरविला. ठरावाचा आशय असा : दैवाने युद्धाचा अंत करणारा एक त्राता आम्हांस दिला, या देवाचा जन्मदिवस जगासाठी त्याच्या शुभवार्तांचा आरंभ ठरला.

येथे ‘शुभवार्ता’ या अर्थी जो ग्रीक शब्द आहे तो ‘एवांगेलिऑन’ याचे अनेकवचन होय. मार्काच्या पहिल्या वाक्यात हाच शब्द एकवचनात आहे, आणि मराठीत आपण त्यालाच ‘शुभवर्तमान’ म्हणतो. विजयाची बातमी, राजपुत्राच्या जन्माची बातमी, नव्या सम्राटाच्या राज्यारोहणाची बातमी, या सगळ्या त्या काळी ‘एवांगेलिआ’ होत्या. बातमी येताच नगराने सण करावा, बळी द्यावेत, असा परिपाठ होता. शिलालेखात ‘आरंभ’ आहे, मार्काच्या वाक्यातही ‘आरंभ’ आहे. मार्काने प्रिएनेचा दगड पाहिला असेल असे कोणी म्हणत नाही. परंतु ही भाषा पूर्वेकडील नगरांत सर्वतोमुखी होती.

‘देवपुत्र’ हे बिरुदही तसेच. इ.स.पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरची हत्या झाली आणि दोनच वर्षांनी रोमच्या सीनेटने त्यास देवपद दिले. त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेवियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, त्या दिवसापासून स्वतःस ‘दिवी फिलियस’ म्हणवू लागला. यातील ‘दिवुस’ हा लॅटिन शब्द आपल्या ‘देव’ शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. लॅटिन भाषेत मूळचा देव आणि देवपद पावलेला मनुष्य यांत शब्दभेद करता येई. ग्रीक भाषांतरात तो भेदही मावळला आणि सम्राट सरळ ‘थेऊ ह्युइऑस’, देवाचा पुत्र, झाला. म्हणजे मार्काने आरंभीच जी दोन बिरुदे योजली, ती ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून एका सिंहासनाशी जोडलेली होती. ‘देवपुत्र’ हे पद काही प्राचीन हस्तलिखितांत, उदाहरणार्थ सिनाई हस्तलिखिताच्या मूळ लेखनात, पहिल्या वाक्यात आढळत नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि ग्रंथात पुढे ते वारंवार येते, आणि ‘शुभवर्तमान’ या शब्दाविषयी तर कोणतीच शंका नाही.

या शब्दाला दुसरे मूळही आहे. यशया संदेष्ट्याच्या हिब्रू ग्रंथाचे जे ग्रीक भाषांतर यहुदी समाजात रूढ होते, त्यात बंदिवासातून मुक्ततेची वार्ता आणणाऱ्या दूताविषयी याच धातूची रूपे आहेत. मार्क लगोलग यशयाचे नाव घेतो. तेव्हा त्याच्या कानांत दोन स्वर एकाच वेळी वाजत होते : एक स्वजनांच्या संदेष्ट्याचा आणि दुसरा सम्राटाच्या दवंडीचा. पहिल्याचा आधार घेऊन तो दुसऱ्याला उत्तर देत आहे, असे मानावयास सबळ जागा आहे.

राखेच्या काळात लिहिलेला ग्रंथ

हे उत्तर देण्याची वेळ कोणती होती? बहुतेक अभ्यासक हा ग्रंथ इ.स. ६५ ते ७५ या दशकात ठेवतात. मार्क हा पेत्राचा दुभाषी होता असे दुसऱ्या शतकातील पापियसचे म्हणणे आहे, आणि परंपरेने ग्रंथाचे स्थान रोम मानले आहे. काही विद्वान सिरियाचा पक्ष घेतात. रोमच्या पक्षाला एक लहानसा पण लक्षणीय आधार आहे. गरीब विधवा मंदिराच्या दानपात्रात दोन बारीक तांब्याची नाणी टाकते, त्या प्रसंगी मार्क त्यांची किंमत ‘क्वाद्रान्स’ या रोमन नाण्यात समजावून सांगतो. हे नाणे पश्चिमेकडे चालत असे. शताधिपतीलाही तो लॅटिन ‘सेंटूरियो’ वरून आलेल्या नावाने संबोधतो. मत्तय आणि लूक तेथे ग्रीक शब्द वापरतात.

स्थान कोणतेही असो, काळ भयंकर होता. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागली आणि सम्राट नीरोने तिचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडून त्यांचे हाल केले. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ते नोंदविले आहे. इ.स. ६६ मध्ये यहुदियात रोमविरुद्ध उठाव झाला. नीरोने व्हेस्पेझियन या सेनापतीस पाठविले. इ.स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, यादवी माजली आणि इ.स. ६९ च्या जुलै महिन्यात सैन्याने व्हेस्पेझियनलाच सम्राट म्हणून घोषित केले. यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो की ही वार्ता पसरताच नगरोनगरी सण साजरे झाले. आणि तेथेही त्याने शब्द वापरला आहे तो ‘एवांगेलिआ’ हाच.

दुसऱ्या वर्षी, इ.स. ७० मध्ये, व्हेस्पेझियनपुत्र टायटसने यरुशलेम घेतले. मंदिर जळाले. जोसेफसने बंदिवानांची संख्या ९७ हजार दिली आहे. इ.स. ७१ मध्ये रोमच्या रस्त्यांतून विजययात्रा निघाली. मंदिरातील सुवर्णाचा सप्तदीप तीत मिरविला गेला आणि यात्रेच्या अंती शिमोन बार गिओरा या बंडाच्या नेत्यास ठार मारण्यात आले. टायटसच्या कमानीवर तो दीप वाहून नेणारे सैनिक आजही कोरलेले दिसतात. यहुदी माणूस जो वार्षिक कर आपल्या मंदिरासाठी देत असे, तो यापुढे रोमच्या ज्युपिटर देवतेच्या मंदिरासाठी वसूल होऊ लागला. इतकेच नव्हे, तर यहुदियातून जगाचा राजा उदयास येईल, असे जे भाकीत त्या प्रदेशात प्रचलित होते, ते व्हेस्पेझियनलाच लागू आहे असे जोसेफसने लिहिले. टॅसिटस आणि स्वेटोनियस यांनीही तोच अर्थ सांगितला.

वाचकहो, क्षणभर त्या काळच्या एखाद्या घरात जाऊन बसा. मंदिर भस्मसात झाले आहे, आप्त गुलामांच्या बाजारात विकले गेले आहेत, आणि बाहेर शुभवार्तेच्या दवंड्या पिटल्या जात आहेत. अशा वेळी कोणी एकजण दिव्याच्या उजेडात गुंडाळी उलगडून म्हणतो की शुभवर्तमान येथे आहे. आणि ते ज्याचे आहे त्यास याच रोमने चाळीस वर्षांपूर्वी खिळ्यांनी ठोकून मारले. हा शब्द उच्चारण्यास किती धैर्य लागले असेल, याची कल्पना केली म्हणजे ग्रंथाचे पहिले वाक्य आपोआप जड होते.

‘सैन्य’ नावाचे भूत

पाचव्या अध्यायात गालील सरोवराच्या पलीकडची एक कथा आहे. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, दगडांनी स्वतःचे अंग ठेचणारा एक भूतग्रस्त मनुष्य येशूपुढे येतो. नाव विचारले असता त्याच्यातील भूत जे नाव सांगते, ते मूळ ग्रंथात ‘लेगिओन’ असे आहे. मराठी बायबलात त्याचे भाषांतर ‘सैन्य’ असे केलेले आढळते, आणि ते यथार्थ आहे. कारण सुमारे पाच हजार शिपायांच्या रोमन सेनाविभागाचे हे अधिकृत नाव होते. ग्रीक ग्रंथात हा लॅटिन शब्द ऐकताच श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहत असणार. भुते विनवितात की आम्हांस या प्रदेशाबाहेर घालवू नकोस. ती सुमारे दोन हजार डुकरांच्या कळपात शिरतात आणि सारा कळप कड्यावरून पाण्यात कोसळून बुडतो.

यरुशलेमचा वेढा घालणाऱ्या आणि नंतर त्या उद्ध्वस्त नगरात तळ देऊन राहिलेल्या दहाव्या लीजनचे एक चिन्ह रानडुक्कर हे होते. तिचे शिक्के मारलेल्या विटा-कौले यरुशलेमात सापडली आहेत. येशूच्या हयातीत यहुदियात लीजन नव्हती. प्रांताधिकाऱ्याजवळ साहाय्यक पलटणी असत. परंतु मार्काचे श्रोते युद्धानंतरचे, वा युद्धाच्या झळा सोसणारे होते. परकी सत्ता एखाद्या प्रदेशात कशी भिनते, माणसाला स्वतःच्याच अंगावर दगड कसे उचलावयास लावते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नव्हते. कथेचा शेवटही विचार करण्याजोगा आहे. तो मनुष्य वस्त्र नेसून शुद्धीवर बसलेला पाहून गावकऱ्यांना आनंद होत नाही. त्यांना भय वाटते आणि ते येशूलाच निघून जावयास सांगतात. जे दुःख अंगवळणी पडले, ते जाण्याचीही भीती वाटते!

दोन मेजवान्या, दोन आंधळे

सहाव्या अध्यायात हेरोद अंतिपाची मेजवानी आहे. हा रोमच्या कृपेने गालीलवर राज्य करणारा मांडलिक. तिबेरियस सम्राटाच्या नावाने त्याने सरोवराकाठी तिबेरियास नगर वसविले. त्यास ‘राजा’ ही पदवी रोमने कधीच दिली नाही, पुढे इ.स. ३९ मध्ये ती मागावयास गेला आणि पदच्युत होऊन हद्दपार झाला. मार्क मात्र त्यास ‘राजा’ म्हणतो. त्यात उपरोध आहे, असे अनेक भाष्यकारांना वाटते. त्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीला सरदार, सेनाधिकारी आणि गालीलचे प्रतिष्ठित लोक बसले आहेत आणि ताटातून आणले जाते ते स्नानसंस्कार करणाऱ्या योहानाचे शिर. लगेच पुढची कथा अरण्यातील हिरव्या गवतावर पंगती मांडून बसलेल्या पाच हजार पुरुषांची. तेथे ताटात येते ती भाकरी. मार्क दोन्ही प्रसंगांविषयी टीकेचा एक शब्दही बोलत नाही. दोन पाने शेजारी ठेवतो आणि पुढे जातो.

आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्याची कथा येते. येशू त्याच्या डोळ्यांवर थुंकी लावून हात ठेवतो. आता हे पाहा : व्हेस्पेझियन सम्राटपदावर आल्यानंतर अलेक्झांड्रियात असताना त्याने जनसमुदायासमक्ष एका आंधळ्याला थुंकी लावून दृष्टी दिली, ही कथा टॅसिटस व स्वेटोनियस दोघांनीही सांगितली आहे. नव्या राजघराण्याला दैवी तेजाची गरज होती आणि ती कथा तेवढ्यासाठी उपयोगी पडली. मार्काचा येशू उलट करतो. तो आंधळ्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, एकांतात बरा करतो आणि गावात पाऊल घालू नकोस असे बजावून घरी पाठवितो. सामर्थ्य दोघांकडे आहे असे कथा म्हणतात. पण एकाला साक्षीदार हवे आहेत, दुसऱ्याला नको आहेत.

आणि याच कथेनंतर, फिलिप्पाच्या कैसरियाजवळ, येशू शिष्यांना विचारतो की मी कोण आहे. हे स्थळ सहज निवडलेले दिसत नाही. त्या परिसरात थोरल्या हेरोदाने ऑगस्टसचे मंदिर उभारले होते आणि नगराच्या नावातच कैसर होता. तेथे पेत्र म्हणतो की तू अभिषिक्त आहेस. आणि येशू तत्काळ बोलू लागतो ते सिंहासनाविषयी नाही, दुःखभोग आणि मरण यांविषयी. पेत्राला ते पटत नाही. अर्धी दृष्टी आलेल्या आंधळ्याची कथा आधी का सांगितली, ते येथे कळते.

नाण्यावरील मुद्रा

कैसराला कर द्यावा की नाही, हा प्रश्न यरुशलेमच्या मंदिरात विचारला गेला. इ.स. ६ मध्ये रोमने खानेसुमारी केली तेव्हा याच करावरून गालीलच्या यहूदाने बंड केले होते. ‘द्या’ म्हटले तर लोक दुरावतील आणि ‘देऊ नका’ म्हटले तर शासन पकडील, असा तो पेच. येशूने नाणे मागितले. त्याच्यापाशी ते नव्हते. प्रश्न विचारणाऱ्यांपाशी होते. ते चांदीचे देनारियस. तिबेरियसच्या प्रचलित नाण्यावर एका बाजूस सम्राटाचे मुख आणि ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ अशा अर्थाचा लेख असे, दुसऱ्या बाजूस ‘श्रेष्ठ धर्माधिकारी’ ही पदवी. देवपुत्रपणाचा दावा असा रोज एका हातातून दुसऱ्या हातात जात होता.

हे नाणे आपल्या देशालाही अपरिचित नव्हते. दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात, ऑगस्टस आणि तिबेरियस यांची चांदीची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत; मिरीच्या आणि रत्नांच्या व्यापारात ती आली. गुप्तकालीन लेखांत आणि अमरकोशात आढळणारा ‘दीनार’ हा शब्द या देनारियसचाच वंशज होय.

येशूचे उत्तर सर्वश्रुत आहे : कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्यावे, असे तो सांगतो. हा धर्म आणि राज्य यांची सीमा आखणारा नियम आहे, असे पुष्कळदा मानले जाते. परंतु नाणे हातात धरून ऐकले तर प्रश्न उलटतो. ज्यावर कैसराची मुद्रा आहे ते कैसराचे. मग मनुष्यावर कोणाची मुद्रा आहे? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाने घडला, असे यहुदी धर्मग्रंथ सांगतो. प्राचीन काळापासून भाष्यकारांनी हा अर्थ काढला आहे. कैसराच्या वाट्याला आलेली वस्तू चांदीची एक चकती आहे, याहून अधिक काही नाही.

उजवीकडे आणि डावीकडे

यरुशलेमच्या वाटेवर याकोब आणि योहान हे दोघे बंधू येशूपाशी एक वर मागतात : तुझ्या वैभवात एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसव. येशू सर्व शिष्यांना जवळ बोलावतो आणि राष्ट्रांच्या अधिपतींची रीत दाखवितो. ते प्रजेवर धनीपणा करतात. तुमच्यात तसे असू नये. ज्याला पहिले व्हावयाचे आहे त्याने सर्वांचा दास व्हावे. ‘अधिपती’ म्हणताना मार्काने जो शब्दप्रयोग केला आहे, त्याचा अर्थ ‘राज्य करतात असे समजले जाणारे’ असा होतो. एका कृदंतात साम्राज्याचे मोजमाप झाले! आणि ‘दास’ हा शब्द तेथे अलंकार नव्हता. ज्या साम्राज्यात गुलाम विकत मिळत, त्यात तो पायरीवरून अगदी तळाशी उतरण्याचा शब्द होता.

उजवी आणि डावी बाजू पुन्हा येते ती गुलगुथाच्या टेकडीवर. येशूच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोघे क्रूसावर चढविलेले आहेत. त्यांना मार्काने दिलेले ‘लेस्तेस’ हे नाव जोसेफस रोमविरुद्धच्या बंडखोरांना देतो. शिष्यांनी मागितलेली आसने ही होती.

त्यापूर्वीचा प्रसंग असा. प्रांताधिकारी पिलात फटके मारवून येशूला शिपायांच्या हवाली करतो. प्रासादात सारी पलटण गोळा होते. शिपाई त्याला जांभळे वस्त्र नेसवितात, काट्यांचा मुकुट घालतात, राजा म्हणून मुजरे करतात आणि मग वधस्थानी नेतात. कुरेने गावचा शिमोन शेतावरून येत असतो. त्याला वेठीस धरून त्याच्या खांद्यावर क्रूस देतात. पलटणीचा मेळावा, जांभळा पोशाख, जयघोष, नगरातून मिरवणूक, वधस्थान हा क्रम रोमच्या विजययात्रेच्या क्रमाशी जुळतो, असे काही अभ्यासकांनी दाखविले आहे. शिपायांनी थट्टा केली. लेखकाने ती थट्टा जशीच्या तशी लिहिली आणि तिच्यातून राज्याभिषेक घडविला.

ग्रंथाचा आशय ठरवावयाचा असेल तर उपक्रम आणि उपसंहार ताडून पाहावेत, असा आपल्या शास्त्रकारांचा दंडक आहे. मार्काच्या उपक्रमात ‘देवपुत्र’ हे बिरुद आहे. मध्यंतरी आकाशवाणी ते उच्चारते, भुते उच्चारतात. शिष्यांपैकी एकही जण उच्चारीत नाही. ते निश्चयाने म्हणणारा पहिला मनुष्य सापडतो तो क्रूसासमोर उभा असलेला रोमन शताधिपती. ज्याच्या निशाणावर, ज्याच्या पगाराच्या नाण्यावर देवपुत्र म्हणजे सम्राट, तो शिपाई त्याच शब्दांनी एका मृत अपराध्याचे वर्णन करतो. काहींना त्या उद्गारात उपहास ऐकू येतो. तसे मानले तरी ग्रंथाची रचना बदलत नाही. सम्राटाचे बिरुद सम्राटाच्याच सेवकाच्या तोंडून काढून घेतले गेले, आणि ते विजयाच्या क्षणी नव्हे, वधाच्या क्षणी.

रोमचे विस्मरण

आता हा संदर्भ विसरला तर काय होते, तेही पाहिले पाहिजे. कारण ही केवळ पंडितांची करमणूक नाही. क्रूस ही रोमची शिक्षा होती. गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी. १९६८ साली यरुशलेमच्या उत्तरेस एका थडग्यात टाचेच्या हाडात लोखंडी खिळा अडकलेला सापडला, आणि त्या शिक्षेचे स्वरूप हातात घेऊन पाहता आले. १९६१ साली कैसरिया बंदरात पिलाताच्या नावाचा आणि अधिकारपदाचा शिलालेखही मिळाला. इ.स. २६ ते ३६ ही त्याची कारकीर्द. मार्क मंदिराच्या पुढाऱ्यांचा वाटा लपवीत नाही. परंतु त्याचा पिलात जमावाला खूश करण्यासाठी निरपराध मनुष्य मरू देतो, आणि त्या ठिकाणीही लॅटिन वळणाचाच ग्रीक वाक्प्रचार आहे. पिलाताने हात धुतले आणि जमावाने रक्ताचे दायित्व घेतले, हा भाग मत्तयाचा. मार्कात तो नाही.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ताच्या नावाचे चिन्ह सैन्याच्या निशाणावर चढविले आणि इ.स. ३८० मध्ये थिओडोसियसच्या आज्ञेने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला. सम्राटाच्या घरात आल्यावर सम्राटाचा अपराध आठवणे अवघड जाते. दोष हळूहळू एकट्या यहुदी समाजाच्या माथी गेला आणि त्याची किंमत त्या समाजाने शतकानुशतके छळ, हद्दपारी आणि हत्या यांच्या रूपाने मोजली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर लादता येणार नाही. पोथीतील एक पान नीट न वाचल्याने केवढा अनर्थ होतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधावे लागणार नाही. येशू स्वतः यहुदी, त्याचे शिष्य यहुदी, आणि तो मेला तो रोमच्या हातून, यहुद्यांचा राजा या आरोपाखाली.

तथापि दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. हा ग्रंथ म्हणजे बंडाचे पत्रक नाही. येशू तलवार उचलीत नाही; मला पकडावयास तुम्ही बंडखोरावर चालून आल्यासारखे आलात काय, असे तो विचारतो. त्याचा झगडा रोगाशी, अशुद्ध आत्म्यांशी आणि शिष्यांच्या जड अंतःकरणाशीही आहे. कैसर जाऊन दुसरा कैसर यावा, असे मार्काला म्हणावयाचे असते, तर याकोब आणि योहान यांना आसने मिळाली असती. त्याला विचारावयाचे होते ते इतकेच : सामर्थ्य कशाला म्हणावे, आणि ते कोणाच्या कामी यावे?

ग्रंथाचा शेवट विलक्षण आहे. सर्वांत जुन्या दोन प्रमुख हस्तलिखितांत तो सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो. तीन स्त्रिया पहाटे कबरीपाशी येतात, कबर रिकामी. एक तरुण सांगतो की तो उठला आहे, गालीलात तुम्हांस भेटेल. स्त्रिया थरथरत पळतात आणि भयामुळे कोणाला काही सांगत नाहीत. येथे ना जयघोष, ना मिरवणूक, ना विजयस्तंभ. सम्राटाची शुभवार्ता दगडावर कोरली जाई, म्हणजे ती पूर्ण झाली असे समजावे. मार्काची शुभवार्ता तीन भ्यालेल्या स्त्रियांच्या हाती सोपविलेली आहे आणि ती पुढे जाईल की नाही, हे ऐकणाऱ्यावर सोडलेले आहे. ज्या गालीलात कथा सुरू झाली, तिकडेच पुन्हा बोट दाखवून लेखणी थांबते.

म्हणून तर पहिल्या वाक्यात त्याने ‘आरंभ’ हा शब्द घातला असावा. वधस्तंभ, कबर आणि स्त्रियांचे मौन येथवरचा सारा वृत्तांत, हा त्याच्या दृष्टीने अवघा आरंभच होता.